मुके कार्ड आणि त्याचा दुभाषी



प्रयोगशाळेशेजारच्या आपल्या लहान खोलीत २०२५ सालच्या जून महिन्यात अकरा जुने लॅपटॉप येऊन दाखल झाले, हे तुमच्यापैकी पुष्कळांना ठाऊक आहेच. शाळेच्या एका माजी विद्यार्थ्याने ते आपल्या कचेरीतून पाठविले होते. त्या कचेरीत विंडोज १० ही प्रणाली वापरात होती. तिच्या नियमित मोफत सुरक्षा-दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद होणार, असे तिच्या निर्मात्यांनी पूर्वीच जाहीर केले होते, आणि पुढची प्रणाली ह्या यंत्रांवर बसत नव्हती. म्हणून कचेरीच्या लेखी ती टाकाऊ झाली. वस्तुतः यंत्रे धडधाकट होती. पडदे स्वच्छ, कळफलक शाबूत. बॅटऱ्या तेवढ्या थकलेल्या.

त्यांवर लिनक्स ही मुक्त स्रोत प्रणाली बसवावी आणि दसऱ्याच्या सुट्टीत एसएसएलसीच्या अकरा विद्यार्थ्यांना ती घरी न्यावयास द्यावीत, असा आमचा बेत होता. ज्यांच्या घरी एकच मोबाईल आहे व तोही दिवसभर वडिलांबरोबर कामावर जातो, अशी ही मुले. संध्याकाळी वडील परतले म्हणजे त्याच मोबाईलच्या हॉटस्पॉटवर लॅपटॉप जोडून तास-दीड तास अभ्यास करता यावा, एवढीच अपेक्षा. तेव्हा वायफाय चालले नाही तर सारा खटाटोप फुकट जाणार, हे उघड होते.

लिनक्स अकराही यंत्रांवर सुखरूप बसले. आठांनी लगेच आजूबाजूच्या वायफायची नावे दाखविली. उरलेले तीन मात्र मुखस्तंभासारखे बसून राहिले. गावातील एका दुरुस्तीवाल्यास दाखविले, तर त्याने पाच मिनिटे खटपट केली आणि "ह्यांची कार्डे गेली सर, नवीन यंत्रे घ्या," असा निकाल दिला. तो निकाल अकरांपैकी तीन मुलांच्या सुट्टीवर होता, म्हणून तो तसाच मान्य करणे मला जिवावर आले. पुढे जे घडले त्यातून मला बरेच शिकावयास मिळाले. ते तुमच्यापुढे मांडतो.

प्रथम एक मूलभूत गोष्ट समजून घेऊ. आपल्या खडेबाजारात सीमेपलीकडच्या खेड्यातून एखादी आजीबाई येते. तिला मराठीखेरीज दुसरी भाषा येत नाही, आणि समोरचा व्यापारी कन्नडखेरीज बोलत नाही. दोघेही शहाणी, दोघांनाही व्यवहार हवा आहे. परंतु मध्ये दुभाषी नसेल तर सौदा होत नाही. संगणकातही असेच आहे. मुख्य प्रणाली एक भाषा बोलते, वायफायचे कार्ड दुसरी. कार्ड म्हणजे अमुक जागी अमुक आकडा ठेवला असता अमुक काम करणारी चिप. ते आकडे कोणते, हे फक्त तिच्या निर्मात्याला ठाऊक असते. प्रणालीचा हुकूम ह्या आकड्यांत उतरवून सांगणारा जो लहानसा प्रोग्राम, त्याला ड्रायव्हर म्हणतात. ड्रायव्हर म्हणजे गाडीवान असे आपण समजतो, पण मला त्याचे खरे काम दुभाष्याचे वाटते. दुभाषी नसला म्हणजे चांगले कार्डही मेल्यासारखे दिसते, आणि दुरुस्तीवाल्याची फसगत होते ती येथेच.

आता पहिल्या मुक्या यंत्राची कथा. ती सांगताना मला थोडी लाज वाटते. दोन दिवस मी आणि नववीचे चार विद्यार्थी त्याच्यापुढे ठाण मांडून होतो. कार्ड कोणते ते पाहिले. ड्रायव्हर आहे असे दिसले. काही तक्रारही नाही. तरी नावे उमटेनात. तिसऱ्या दिवशी सकाळी शिपाईमामा खोली झाडीत असता त्यांनी फडक्याने लॅपटॉपची पुढची कड पुसली, आणि आत एक निळा दिवा लागला. त्या कडेला नखाएवढी एक सरकती कळ होती. वायफायची लाट बंद-चालू करण्यासाठी जुन्या लॅपटॉपांना अशी कळ असे, आणि कचेरीतून येताना ती बंद राहिली होती. मामा म्हणाले, "सर, मी काही बिघडवलं का?"

लिनक्समध्ये हे तपासण्याची सोय आहे, हे मला मागाहून कळले. आरएफकिल नावाची आज्ञा दिली असता प्रत्येक बिनतारी साधनासमोर दोन ओळी येतात. एक सांगते की प्रणालीने ते अडविले आहे काय. दुसरी सांगते की खऱ्याखुऱ्या कळीने ते अडविले आहे काय. पहिला अडसर आज्ञा देऊन काढता येतो. दुसरा मात्र बोटानेच काढावा लागतो, त्यापुढे कोणताही प्रोग्राम हतबल आहे. आम्ही ती आज्ञा पहिल्याच दिवशी दिली असती तर दोन दिवस वाचले असते.

दुसऱ्या यंत्राकडे वळण्यापूर्वी आकड्यांची एक गंमत सांगितली पाहिजे. संगणकातील प्रत्येक कार्ड आपली ओळख दोन क्रमांकांनी देते: एक निर्मात्याचा, एक वस्तूचा. एलएसपीसीआय ही आज्ञा योग्य त्या खुणेसह दिली असता हे क्रमांक पडद्यावर येतात. ते सोळाच्या पायावर लिहिलेले असतात. आपण दहाच्या पायावर मोजतो, म्हणून नऊनंतर आपले अंक संपतात; सोळाच्या पायात दहा ते पंधरासाठी ए, बी, सी, डी, ई, एफ ही अक्षरे घेतात. इंटेल कंपनीचा क्रमांक ८०८६ आहे. हा सोळाच्या पायावरचा, म्हणजे ८ गुणिले ४०९६, अधिक ० गुणिले २५६, अधिक ८ गुणिले १६, अधिक ६, बेरीज ३२९०२. १९७८ साली ह्या कंपनीने काढलेल्या प्रसिद्ध प्रोसेसरचे नावच ८०८६ होते, त्याची ही आठवण. ब्रॉडकॉम कंपनीचा क्रमांक १४ई४. त्याची किंमत दहाच्या पायात किती होते ते तुम्ही घरी काढून पाहा. उत्तर ५३४८ आले पाहिजे.

हे क्रमांक महत्त्वाचे अशासाठी, की वेष्टणावरील नाव पुष्कळदा फसवे असते. एकाच नावाच्या दोन पेट्यांत दोन निराळ्या चिपा सापडतात. कार्डाचा क्रमांक मिळाला म्हणजे त्याचा दुभाषी कोण, हे निश्चित होते.

दुसऱ्या यंत्राचे कार्ड ह्या यादीत व्यवस्थित दिसत होते. दुभाषीही हजर होता. मग अडले कोठे? प्रणालीचा जो गाभा, त्याला कर्नल म्हणतात. तो आपली रोजनिशी ठेवीत असतो, आणि डीमेसेज ही आज्ञा दिली म्हणजे ती वाचावयास मिळते. शेकडो ओळी असतात, त्या पाहून दडपून जाऊ नये. आपल्याला हवे ते नाव शोधावे. आम्हाला एक ओळ सापडली. तिचा आशय असा: फर्मवेअर चढविता आले नाही, दोष उणे दोन.

उणे दोन! मुले हसली. पण हा आकडा मोठा बोलका आहे. ह्या प्रणालीत प्रत्येक दोषाला क्रमांक दिलेला असतो. एक म्हणजे ह्या कामाची मुभा नाही. तेरा म्हणजे परवानगी नाकारली. आणि दोन म्हणजे अशी फाइल वा निर्देशिका अस्तित्वात नाही. कर्नल आपणांस सांगत होता की, कार्ड ठीक आहे, दुभाषी ठीक आहे, पण मला एक फाइल हवी आणि ती कपाटात नाही.

ती फाइल म्हणजे फर्मवेअर. वायफायच्या कार्डात स्वतःचा एक छोटा प्रोसेसर असतो आणि त्यालाही स्वतःचा प्रोग्राम लागतो. हा प्रोग्राम कार्डावरच कायमचा कोरून ठेवता येतो, परंतु त्यासाठी जादा स्मृती लागते व खर्च वाढतो. म्हणून पुष्कळ निर्माते कार्ड रिकामेच ठेवतात आणि संगणक सुरू होताना दर वेळी तो प्रोग्राम त्यात भरावा अशी योजना करतात. संगणक बंद झाला की कार्ड सारे विसरते. सकाळी शाळेत येणाऱ्या मुलाला रोज नव्याने बाराखडी शिकवावी, तसा हा प्रकार. आमच्या ज्या आठ यंत्रांचे वायफाय तत्काळ चालले, त्यांतील चिपा एटीएच९के ह्या ड्रायव्हरने चालणाऱ्या होत्या. त्यांना अशी वेगळी फाइल लागतच नाही.

मग ती फाइल आमच्याजवळ का नव्हती? चूक आमची होती. कपाटात पडून असलेल्या जुन्या पेनड्राइव्हवरून आम्ही प्रणाली बसविली होती. तिच्यावर डेबियन ह्या लिनक्सच्या वितरणाची ऑगस्ट २०२१ मध्ये निघालेली अकरावी आवृत्ती होती. ह्या मंडळींचा जुना दंडक असा होता की, ज्याचा मूळ स्रोत सर्वांना पाहता व बदलता येत नाही, असा एकही प्रोग्राम अधिकृत संचात ठेवावयाचा नाही. फर्मवेअर बहुधा तशाच बंद स्वरूपाचे असते, म्हणून ते वगळलेले असे. तत्त्व चांगले, पण परिणाम असा की, फाइल आणावयास इंटरनेट हवे आणि इंटरनेट चालावयास फाइल हवी. ह्या प्रश्नावर डेबियनच्या सभासदांत दीर्घ वाद झाला, २०२२ साली मतदान झाले, आणि १० जून २०२३ रोजी निघालेल्या बाराव्या आवृत्तीपासून हे फर्मवेअर अधिकृत संचातच देण्यास आरंभ झाला. तत्त्व थोडे वाकविले, असे काहींना वाटते. ज्याच्यापुढे मुके यंत्र पडले आहे अशा माणसाला विचारल्यास, माझ्या मते तो निर्णय योग्यच होता.

आम्ही त्या कोंडीतून बाहेर पडलो ते साध्या चार्जिंगच्या वायरने. मोबाईल वायरने लॅपटॉपला जोडून त्यात यूएसबी टेदरिंग चालू केले, की संगणकाला तो मोबाईल म्हणजे तारेचे नेटवर्क कार्डच वाटते, आणि त्याचा दुभाषी कर्नलमध्ये आधीच असतो. त्या वाटेने फर्मवेअरचे पुडके उतरवून घेतले, यंत्र बंद करून पुन्हा चालू केले, आणि रोजनिशीतील उणे दोन नाहीसे झाले. पुढे सर्व यंत्रांवर ऑगस्ट २०२५ मध्ये आलेली तेरावी आवृत्ती बसविली, म्हणजे तो प्रश्नच मिटला.

तुम्ही विचाराल की, निर्मात्यांनी आपल्या कार्डाची भाषा सांगून टाकली असती तर हा सारा त्रास का झाला असता? हाच ह्या विषयाचा गाभा आहे, आणि त्याचा इतिहास यंत्रांपेक्षाही रंजक आहे.

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे रिचर्ड स्टॉलमन नावाचा एक प्रोग्रामर काम करीत असे. तेथील जुन्या छपाई-यंत्रात कागद अडकला तर छपाईची वाट पाहणाऱ्यांच्या पडद्यावर सूचना यावी, अशी सुधारणा त्याने स्वतः प्रोग्राममध्ये केली होती. १९८० च्या सुमारास झेरॉक्स कंपनीचे नवे लेझर छपाई-यंत्र आले. कागद त्यातही अडके. परंतु त्याच्या प्रोग्रामचा स्रोत दिलेला नव्हता. दुसऱ्या एका विद्यापीठातील ज्या गृहस्थांजवळ तो होता, त्यांच्याकडे स्टॉलमनने मागणी केली. पण कोणास न देण्याचा करार केला असल्यामुळे त्यांनी नकार दिला. हा नकार त्याच्या मनाला फार लागला. १९८३ च्या सप्टेंबरात त्याने ग्नू नावाच्या मुक्त प्रणालीची घोषणा केली, त्यामागे ज्या घटना होत्या त्यांत ही एक होती. पुढे २५ ऑगस्ट १९९१ रोजी हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरवाल्ड्स ह्या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने आपण हौसेखातर एक प्रणाली लिहीत असल्याचे कळविले. तिचा कर्नल तो लिनक्स. एका अडकलेल्या कागदाची आणि आमच्या मुक्या कार्डांची नाळ अशी जोडलेली आहे.

स्रोत खुला असला तरी कार्डांची भाषा बंदच होती. २००० नंतरच्या दशकात पुष्कळ लॅपटॉपांत ब्रॉडकॉमच्या वायफाय चिपा असत. परंतु त्या चिपांचे तांत्रिक वर्णन लिनक्सवाल्यांना उपलब्ध नव्हते. काही लोकांनी एनडिसरॅपर नावाची युक्ती काढली. तिच्या योगे विंडोजसाठी लिहिलेला दुभाषीच उचलून, त्याला भोवताली विंडोज आहे असा भास करून देऊन, लिनक्समध्ये कामास लावीत. काम होई, पण तो दुभाषी आत काय बोलतो ते कोणास कळत नसे, आणि तो कोसळला तर दुरुस्तही करता येत नसे.

म्हणून काही स्वयंसेवकांनी दुसरा, कष्टाचा मार्ग धरला. समजा, आपल्या बेळगावच्या कुंद्याची एखाद्या हलवायाची कृती गुप्त आहे. ती चोरणे हा अपराध. पण चव घेऊन अंदाज बांधणे हा अपराध नव्हे. एकाने कुंदा चाखावा, न्याहाळावा, आणि "दूध इतके आटविलेले, साखर इतकी, आच मंद" असे टिपण लिहावे. दुसऱ्याने, ज्याने तो कुंदा जिभेलाही लावलेला नाही, केवळ टिपणावरून आपला स्वतंत्र कुंदा करावा. अगदी अशाच रीतीने एका गटाने कंपनीच्या ड्रायव्हरचे यंत्रभाषेतील रूप उलगडून चिप कशी वागते ह्याचे वर्णन लिहिले. दुसऱ्या गटाने तो प्रोग्राम न पाहता त्या वर्णनावरून नवा ड्रायव्हर रचला. कारण कायद्याचे संरक्षण लिहिलेल्या मजकुराला असते, तो मजकूर जे काम करतो त्याला नसते. हा ड्रायव्हर जून २००६ मध्ये निघालेल्या २.६.१७ ह्या कर्नलमध्ये आला, आणि त्याची सुधारलेली पिढी, बी४३ नावाची, जानेवारी २००८ च्या २.६.२४ मध्ये.

तरीही फर्मवेअर राहिलेच! ते इतरांना वाटण्याची परवानगी नव्हती. तेव्हा फर्मवेअर कापून काढणारी एक कात्री लिहिली गेली. वापरणाऱ्याने कंपनीचा स्वतःचा ड्रायव्हर उतरवून घ्यावयाचा, ह्या कात्रीने त्यातील फर्मवेअरचा तुकडा वेगळा करावयाचा, आणि योग्य खणात ठेवावयाचा. ह्या द्राविडी प्राणायामाने असंख्य लॅपटॉप बोलते झाले. अखेर सप्टेंबर २०१० मध्ये ब्रॉडकॉमने आपल्या काही नव्या चिपांसाठी स्वतःच खुला ड्रायव्हर दिला. त्यापूर्वी, २००८ साली, अथेरॉस कंपनीनेही तसेच केले होते. आमच्या आठ यंत्रांना विनासायास चालविणारा एटीएच९के तो हाच. आपल्या खोलीत त्या दिवशी जे सहज घडले, त्यामागे सतरा वर्षांपूर्वीचा हा निर्णय उभा होता.

आता तिसरे यंत्र. ह्याचे कार्ड यादीत दिसतच नव्हते. क्रमांकच नाही, तर दुभाषी कोणाचा आणि फर्मवेअर कसले? मागचे झाकण उघडून कार्ड काढले, टोके पुसली, पुन्हा बसविले, कार्य होईना. तेच कार्ड चालत्या यंत्रात घालून पाहिले, तेथेही ते दिसेना. ह्या एकाबाबत दुरुस्तीवाल्याचे म्हणणे खरे निघाले, हे प्रांजळपणे नमूद केले पाहिजे. मग बाजारातून यूएसबीत खोचावयाचा वायफाय डोंगल आणला. तो लावला, आणि वायफायऐवजी पडद्यावर एक तबकडीचे चित्र उमटले! उघडून पाहिले तर आत विंडोजसाठीचा ड्रायव्हर.

मी डोंगल परत करावयास निघालो होतो. नववीतील एका विद्यार्थिनीने मला थांबविले. तिने यूएसबीची यादी काढली होती, आणि त्यात डोंगलच्या नावाजागी 'डिस्क' असा शब्द होता. ती म्हणाली, "सर, हा अजून डोंगल झालाच नाही. हा स्वतःला सीडी म्हणवतोय. सीडी बाहेर काढली तर?" तिने चित्रावर कळ दाबून 'बाहेर काढा' हा पर्याय निवडला. चित्र गेले, एक क्षण काहीच नाही, आणि मग डोंगलवरचा दिवा लुकलुकू लागला. यादी पुन्हा काढली तो वस्तूचे नाव आणि क्रमांक दोन्ही बदललेले!

ह्याचे कारण असे. विंडोज वापरणाऱ्यास वेगळी तबकडी द्यावी लागू नये म्हणून काही निर्माते डोंगलच्या पोटातच ड्रायव्हर ठेवतात. डोंगल प्रथम तबकडीचे सोंग घेतो. ड्रायव्हर बसला की तो ड्रायव्हर त्याला "आता सोंग पुरे" अशी खूण करतो, आणि मग तो आपल्या खऱ्या रूपात प्रकटतो. तबकडी बाहेर काढण्याची आज्ञा हीच पुष्कळदा ती खूण असते. मोबाईलच्या सिमवर चालणारे डोंगलही असेच सोंग घेत. लिनक्समध्ये यूएसबी मोडस्विच नावाचा प्रोग्राम ही खूण आपोआप करतो; आम्ही तो बसविलेला नव्हता. नंतर बसविला.

दसऱ्याच्या सुट्टीत अकराही लॅपटॉप घरोघरी गेले. त्यांबरोबर एक शंभर पानी वहीही करून ठेवली आहे. यंत्राचा क्रमांक, कार्डाचे दोन आकडे, लक्षण, रोजनिशीतील नेमकी ओळ आणि केलेला उपाय, अशा नोंदी तीत मुलांनी स्वतःच्या हस्ताक्षरात केल्या आहेत. पहिल्या यंत्रासमोर उपायाच्या रकान्यात 'शिपाईमामा' एवढेच लिहिले आहे. तिसरे यंत्र अजून डोंगलवरच चालते. डोंगल हरवू नये म्हणून त्याला भोक पाडून लाल दोरा ओवला आहे, आणि दोऱ्याचे दुसरे टोक लॅपटॉपच्या पिशवीला बांधले आहे.